इंजिनाला मानवेल ते तेल

(द्वितीय वर्ष, कला)

पाऊस कधी पडेल, ऊस कोणत्या कारखान्याला घालावा आणि मोटारसायकलमध्ये कोणते तेल टाकावे, ह्या तीन प्रश्नांवर ज्याला स्वतःचे मत नाही असा माणूस बारामती-इंदापूर रस्त्यावर शोधूनही सापडायचा नाही. भवानीनगरला एसटीची वाट पाहत उभे राहा, नाहीतर निमगाव केतकीला चहाच्या टपरीवर पाच मिनिटे बसा. कोणीतरी कोणाला तरी तेलाविषयी सांगत असतोच. एक म्हणतो, तेल काकवीसारखे जाड पाहिजे. दुसरा म्हणतो, ट्रॅक्टरचे टाका. ट्रॅक्टर एवढा नांगर ओढतो, तिथे फटफटीची काय कथा! तिसरा नुसती डब्याची किंमत सांगतो आणि गप्प बसतो. किंमत हाच त्याचा पुरावा. ऐकणारा मान डोलावतो, घरी जातो आणि आजवर टाकत आला तेच तेल पुन्हा टाकतो. एरंडाच्या गुऱ्हाळातून निघावा तितकाच रस ह्या चर्चेतून निघतो.

वार्षिकांकासाठी मी ह्या विषयावर लिहिणार आहे असे कळल्यावर वर्गातल्या मैत्रिणी खूप हसल्या. "आईवर लिही, पावसावर लिही, गेला बाजार वारीवर तरी लिही," असा सल्ला मिळाला. तुकोबांची पालखी आमच्याच बाजूने सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते. तेव्हा वारीवर लिहिण्याचा हक्क मला आहेच. पण वारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तेलावर कोणी लिहीत नाही, आणि गेल्या वर्षी माझे शिक्षण अडले ते तेलापाशी.

आमची वस्ती लासुर्ण्याच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेली घरातली मी पहिलीच. आईला सही येते. आप्पा सातवी झालेले आहेत. त्यांना मराठी वाचता येते, इंग्रजी आकडे ओळखू येतात, पण इंग्रजी अक्षरांपाशी ते थांबतात. बारामतीला येणारी सकाळची एसटी मला जंक्शनच्या फाट्यावर गाठावी लागते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि त्याचा आधार मोठा आहे. पण अर्ध्या तिकिटाची असली तरी एसटी वस्तीवर येत नाही. वस्ती ते फाटा हे चार किलोमीटर म्हणजे आधी उसातली पाणंद, मग कालव्याच्या पुलाचा चढ आणि मग खडीचा रस्ता. पहाटेच्या अंधारात मुलीने हा रस्ता एकटीने चालत जावा असे घरात कोणालाच वाटत नाही. तिथपर्यंत मला आप्पांची मोटारसायकल पोचवते आणि संध्याकाळी तीच घरी आणते. आमची गाडी जुनी हिरो होंडा स्प्लेंडर आहे, म्हणजे २०११ साली कंपनीचे नाव बदलले त्याच्या आधीची. आप्पांनी ती दुसऱ्याच्या हातची घेतली. ती चालू असेल तर मी विद्यार्थिनी. बंद पडली की मी वस्तीवरची एक मुलगी. इतका साधा हिशेब आहे.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझा चुलतभाऊ पुण्याहून आला. तो एका साहेबांची मोटार चालवतो. येताना त्याने मला ओवाळणी आणली आणि आप्पांसाठी अर्धा भरलेला तेलाचा डबा आणला. साहेबांच्या नव्या मोटारीत भरून उरलेले ते तेल. "आप्पा, सिंथेटिक हाय. लई भारीतलं. एवढ्या किमतीत तुमचं वरीसभराचं तेल येईल," तो म्हणाला. आप्पांनी दोन बोटांत तेल चोळून पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते पाण्यासारखे पातळ होते, आणि जाड तेल तेच चांगले हे तर आप्पांचे आयुष्यभराचे मत. पण जाडपणा आणि किंमत यांची झुंज लागली तेव्हा किंमत जिंकली. एवढे महागाचे तेल वाईट कसे असेल? शिवाय पुतण्याने प्रेमाने आणलेले. आप्पांनी जुने तेल काढले आणि ते भारी तेल गाडीत ओतले.

पुढे तीन आठवड्यांत गाडीची चाल बदलली. मूठ पिळली की इंजिन नुसते ओरडायचे, गाडी मात्र पुढे सरकायची नाही. सपाटीला कसेबसे निभायचे. कालव्याच्या पुलाचा चढ आला की आम्ही दोघे बसलेलो असताना ती जागच्या जागी गुरगुरायची आणि खालून जळका वास यायचा. मग मी उतरून मागून चालायची. मार्गशीर्षातल्या एका सकाळी चढावर गाडीने अगदीच पाय रोवले. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा एसटी निघून गेली होती आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग तेवढी चालली होती. त्या दिवशी माझी अंतर्गत परीक्षा होती. ती बुडाली.

फाट्यावरच्या फिटरमामांनी गाडी नुसती पाहूनच सांगितले, "क्लचप्लेटा गेल्या." त्यांनी सांगितलेली रक्कम आणि माझ्या परीक्षेच्या फॉर्मची रक्कम जवळपास सारखी निघाली. घरात पैसे होते ते एकाच कामापुरते. आप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो मला फार लागला. "ह्याच्यापेक्षा भारी तेल टाकलं तर सुटंल का गं?"

त्या प्रश्नाचे उत्तर घरातच होते, आढ्याला टांगलेल्या पिशवीत. गाडीच्या कागदपत्रांबरोबर आधीच्या मालकाने एक छोटे पुस्तक दिले होते. गाडी घेतली तेव्हापासून ते कोणी उघडले नव्हते; कारण ते इंग्रजीत होते, आणि गाडी चालवायला पुस्तक कशाला लागते? त्या रात्री मी शब्दकोश घेऊन बसले. कथा-कवितांच्या इंग्रजीपेक्षा हे इंग्रजी सोपे निघाले. तेलाची एकच ओळ होती: दर्जा १० डब्ल्यू-३०, आणि पुढे जासो एमए. मग मी चुलतभावाने आणलेला रिकामा डबा शोधून काढला. त्यावर लिहिले होते ० डब्ल्यू-२०. जासो हा शब्द डब्यावर कुठेच नव्हता. मागच्या बाजूला एक गोल शिक्का होता आणि त्याच्या खालच्या कडेला इंधन वाचवण्याविषयीचे शब्द होते. डब्यावरच्या ह्या अक्षरांचा अर्थ मी पुढचे दोन दिवस महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोधला. जे कळले ते इथे सांगते. कारण आपल्यापैकी निम्म्याअधिकांच्या घरी दुचाकी आहे.

आधी हे पाहू की तेल इंजिनात करते काय. घासणाऱ्या धातूंच्या मध्ये पडदा धरणे हे त्याचे मुख्य काम. पण त्याखेरीज ते उष्णता वाहून नेते, काजळी आणि कचरा आपल्यात धरून ठेवते, दट्ट्याच्या कडीभोवतीची बारीक फट बुजवते आणि गंज येऊ देत नाही. तेल काळे झाले म्हणजे ते वाया गेले असे आपण समजतो. वास्तविक काळे होणे हे पुष्कळदा त्याने काम केल्याचे लक्षण असते. काजळी इंजिनाच्या अंगावर राहण्याऐवजी तेलात आली. भ्यायचे ते तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर. मग त्यात पाणी शिरले असे समजावे.

आता डब्यावरचे आकडे. एसएई ही अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांची संस्था. तेलाच्या दाटपणाची वर्गवारी तिने १९११ साली सुरू केली आणि आज जगभर तीच चालते. १० डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. तो जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर वाहते. नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, तेल किती दाट राहते ते सांगतो. कोणी म्हणेल की इंदापुरात कुठे बर्फ पडतो? बर्फ पडत नाही हे खरे. पण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतले तेल खाली उतरलेले असते. किक मारल्यावर ते वरच्या भागांपर्यंत पोचेतो धातू धातूवर घासतो, आणि इंजिनाची मोठी झीज ह्याच वेळी होते. काकवीसारखे तेल तिथे उशिरा पोचते. एक इंजिन बारीक फटींचे, त्याला पातळ तेल लागते. दुसरे मोठ्या फटींचे, त्याला दाट लागते. आमच्या गाडीला १० डब्ल्यू-३० सांगितले आहे, तर बुलेटसारख्या गाडीला त्याहून दाट सांगतात. जाड तेल ताकदवान आणि पातळ तेल अशक्त असे काही नसते.

पण आमच्या गाडीचे दुखणे दाटपणाचे नव्हते, क्लचचे होते. मोटारीत इंजिनाचे तेल इंजिनापुरतेच असते. क्लच कोरडा, आणि गिअरचे तेल निराळे. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच घरात राहतात आणि एकाच तेलात न्हातात. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये गिअरबॉक्स वेगळा असायचा, तो अपवाद. आता गंमत पाहा. इंजिनाला वाटते तेलाने आपले घर्षण कमी करावे. क्लचला मात्र घर्षण हवे असते. त्याच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हाच इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. मोटारीच्या आधुनिक पातळ तेलांत पेट्रोल वाचावे म्हणून घर्षण आणखी घटवणारी द्रव्ये घालतात. मोटारीला ती उत्तम. मोटारसायकलच्या ओल्या क्लचला तीच निसरडी होतात. प्लेटा एकमेकींवरून घसरतात, तापतात, जळतात. म्हणजे ते तेल वाईट नव्हते. ते आपल्या घरी उत्तम काम करणारे तेल होते; आमच्या घरी त्याला आणायला नको होते.

ही अडचण जपान्यांनी ओळखली आणि १९९८ मध्ये दुचाकीच्या चार स्ट्रोक इंजिनांसाठी निराळे मानक ठरवले. तेच जासो. एमए लिहिलेले तेल ओल्या क्लचला चालते. २००६ पासून त्यात एमए १ आणि एमए २ असे पोटभाग आहेत. एमबी लिहिलेल्या तेलात घर्षण कमी असते. ते बिनगिअरच्या स्कूटरला चालते, कारण तिचा क्लच तेलात बुडालेला नसतो. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होते. एकाच घरात अशी स्कूटर आणि मोटारसायकल शेजारी उभ्या असतील तर दोघींना एकाच डब्यातले तेल घालताना हे अक्षर पाहिलेले बरे. एमए तेलाने स्कूटरचे बिघडत नाही, पण एमबी तेलाने मोटारसायकलचा क्लच बिघडू शकतो.

डब्यावर आणखी एक अक्षरजोडी असते, ती एपीआय ह्या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची. पहिले अक्षर एस असेल तर ते तेल पेट्रोल इंजिनाचे, सी असेल तर डिझेलचे. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा: एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. ट्रॅक्टरच्या डब्यावर सी दिसेल, आणि टपरीवरच्या दुसऱ्या गृहस्थांना उत्तर इथेच मिळते. त्यांच्या ट्रॅक्टरला नांगर ओढायला क्लच तेलात बुडवावा लागत नाही.

हे सगळे वहीत लिहून मी आप्पांबरोबर फिटरमामांकडे गेले. खरे सांगायचे तर मनात धाकधूक होती. पाना कधी हातात न धरलेली मुलगी गॅरेजमध्ये वही घेऊन आली हे पाहून बाकावर बसलेले दोघे-तिघे हसलेच. मामा हसले नाहीत. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "वाच बघू ताई, काय म्हणतंय पुस्तक." मी वाचले. जासोपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवले, फळीवरून आपल्या नेहमीच्या तेलाचा डबा काढला आणि विचारले, "हे अक्षर ह्याच्यावर हाय का?" होते. एमए लिहिलेले होते. दाटपणा मात्र २० डब्ल्यू-४०. मामा अनेक वर्षे ते तेल वापरत आले आहेत, क्लच कधी घसरला नाही, पण का घसरला नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी मला जे सांगितले ते माझ्या वहीत नव्हते. "पुस्तक नव्या गाडीचं असतंय, ताई. इंजन म्हातारं झालं, धूर काढायला लागलं, तर पातळ तेल ते पिऊन टाकतंय. मग एक पायरी जाड घालायचं. तुमचं अजून धूर काढत नाही, म्हणून पुस्तकातलंच घाला." तेल कसे मापायचे हेही त्यांनी दाखवले. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करायची, थोडा वेळ चालू ठेवून बंद करायची, दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग कांडी पुसून आत सोडायची, पण आटे पिळायचे नाहीत. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती ठेवून माप घेणारे आणि तेल कमी दिसते म्हणून वर आणखी ओतणारे रोज दोघे तरी येतात, असे ते म्हणाले. जास्त झालेले तेलही इंजिनाला जाचते. आणि आमच्यासारख्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे तेल नीट तापतच नाही, त्यामुळे आत धरलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. अशा गाडीचे किलोमीटर भरले नसले तरी महिने मोजून तेल बदलावे. ही गोष्ट मी नंतर ताडून पाहिली. ती तंतोतंत खरी आहे. मामा शाळेत फार गेलेले नाहीत. पुस्तक न वाचता पुस्तकाच्या पुढचे सांगणारी माणसे असतात, हे मला त्या दिवशी समजले.

क्लच उघडला तेव्हा प्लेटा काळ्या पडून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या दिसल्या. त्या बदलाव्याच लागल्या. आतले तेल पूर्ण निथळून काढले आणि पुस्तकात सांगितलेले साधे खनिज तेल भरले. त्याची किंमत पुण्याच्या तेलापुढे किरकोळ होती. दुधाचे बिल आधी गॅरेजला गेले, पुढच्या बिलातून माझा फॉर्म भरला गेला, आणि मधल्या दिवसांची लेट फी लागली. बुडालेल्या परीक्षेची सवड सरांनी मला पुन्हा दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काढलेले तेल आप्पा सवयीने बांधाकडे घेऊन निघाले होते. पूर्वी बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण लावत. ते मातीत सांडले तर मातीच होई. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा मुळात एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून १९०९ साली आले आहे. इंजिनातून निघालेल्या काळ्या तेलाचे तसे नाही. त्यात धातूचे कण आणि जळके विष असते, आणि कायद्याने तो धोकादायक कचरा आहे. आमच्या बांधाखाली पाट आहे, पाटाखाली विहीर आहे. ते तेल आता कॅनमध्ये साठवून मामांकडे जाते आणि तिथून ते नेणारा माणूस नेतो.

आप्पांच्या "जास्त आणि जाड" ह्या मतामागेही एक इतिहास आहे. त्यांच्या मामांकडे लुना होती. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या ह्या गाडीचे इंजिन दोन स्ट्रोकचे. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते धुराबरोबर जळून जायचे. राजदूत, येझदी, जुनी चेतक ह्या सगळ्या त्याच कुळातल्या. तेल थोडे कमी पडले की इंजिन जॅम होई, म्हणून हात सैल सोडण्याची सवय त्या पिढीला लागली. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली, आणि पुढे रस्त्यावरची इंजिने बदलत गेली. सवयी मात्र लोकांच्या हातात तशाच राहिल्या. आज बजाजची चेतक विजेवर चालते, तिला इंजिनच नाही. उद्या कदाचित टपरीवरची ही चर्चाच संपेल. तोवर ती ऐकून घ्यावी, पण तेल पुस्तक पाहून घ्यावे.

ह्या सगळ्यावर विचार करताना मला आणखी एक गोष्ट आठवत राहते. बारावीनंतर मी कला शाखेत राहणार म्हणाले तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाने आप्पांना भारीतले काही सुचवले. कोणी नर्सिंग सांगितले, कोणी फार्मसी. चुलतभाऊ म्हणाला, "तिला कॉम्प्युटरला घाला, मी पुण्यात सोय बघतो." ह्यातला एकही सल्ला वाईट मनाने दिलेला नव्हता, आणि ते शिक्षणही वाईट नाही, तिथे उत्तम चालणारी माणसे आहेत. मला इतिहास आणि भाषा मानवतात, एवढेच. आमच्याकडे 'मानवणे' हा शब्द जेवणासाठी वापरतात. एखाद्याला बाजरी मानवते, एखाद्याला ज्वारी. त्यात बाजरीचा मोठेपणा नाही की ज्वारीचा कमीपणा नाही. फरक इतकाच की इंजिनाबरोबर त्याचे पुस्तक येते, आपल्याबरोबर येत नाही. आपल्याला काय मानवते ते चालून पाहूनच कळते, आणि तोवर आपल्यावर प्रेम करणारी माणसे स्वतःला जे भारी वाटते तेच हातात ठेवतात. त्यांच्यावर रागवण्यात अर्थ नाही. चुलतभावाला मी सगळे समजावून सांगितले तेव्हा तो ओशाळला आणि म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या गाडीला पण एकदा चांगलं मिळावं." ह्या वाक्याला जासो एमएने उत्तर देता येत नाही.

कला शाखा घेऊन काय करणार, हा प्रश्न मला अजून विचारतात. सध्या मी इतके सांगू शकते की आमच्या वस्तीवर छापलेल्या अक्षरांपाशी आता पूर्वीइतके अडत नाही. आप्पांनी माझ्या जुन्या वहीची उरलेली पाने शिवून घेतली आहेत. तेल बदलले की तारीख, किलोमीटरचा आकडा आणि तेलाचा दर्जा ते स्वतःच्या अक्षरात लिहितात. 'जासो एमए' हे त्यांनी मराठीत लिहायला घेतले आहे. शेजारची माणसे डबे घेऊन येतात, त्यांना मी कुठले अक्षर पाहायचे ते दाखवते. आणि परवा आप्पांनी फवारणीच्या औषधाची बाटली माझ्यापुढे धरली. मी म्हणाले, "आप्पा, दुकानदारानं सांगितलंच असेल की किती घालायचं." ते म्हणाले, "तो काय सांगतो ते मला पाठ हाय. लिहिलंय काय, ते वाच."